पडद्यावरचे आंबे

बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. बाकी सगळं हळूहळू सावरलं, हात तेवढा मांडीवर पडून राहायचा. तिला एकच हवं होतं, स्वतःचा अंबाडा स्वतः घालायचा. मी घातलेला अंबाडा जिना उतरेपर्यंतही टिकत नसे, हे कबूल.

परळच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मुलीने तिला एका मोठ्या पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. पडद्यावर आंब्याचं झाड, वर कॅमेरा. आपण हात उचलला की पडद्यावरचा हात आंबा तोडून टोपलीत टाकतो. "आंबा असा ओढत नाहीत, काठीला जाळी बांधलेल्या झेल्याने काढतात," हे मी पहिल्याच दिवशी सुनावलं. आजोबा कोकण सोडून गिरणीत आले, पण आंब्यावर बोलायचा हक्क आमच्या घराण्याने सोडलेला नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत कॅरम खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची बोटं जास्त चालतात. मी त्यांतलाच. ती मुलगी पडदा सुरू करून दुसऱ्या पेशंटकडे गेली, की मी खुर्चीमागे उभा राहून "उचल, उचल! अजून वर!" सुरू करायचो. टोपली भरत होती. आधी बारा आंबे, मग वीस, मग एकतीस. मी गॅलरीत आकडा जाहीर करायचो. एकतिसाला पेढेसुद्धा वाटले. बायको काहीच बोलायची नाही. मला वाटलं, विनय.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी मध्येच परत आली आणि बघत उभी राहिली.

"काका, जरा बाजूला व्हा."

मी झालो. टोपलीत एकही आंबा पडेना.

"कॅमेरा तुम्हाला पकडत होता. हात तुम्ही हलवत होता, काका."

पेढे खाल्लेली सगळी तोंडं डोळ्यांपुढून गेली. बायकोचा हात मांडीवरच होता. मी तिच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं, माझी नजर सारखी टोपलीवर.

"तुला ठाऊक होतं?" मी घरी येताना विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी येवढे खुशीत होतात. म्हटलं, एकाला तरी वाटू दे मी बरी होतंय."

मला रडू आलं. भर रस्त्यात, भाजीवाल्यासमोर.

त्यानंतर मी दाराबाहेर बाकावर बसू लागलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्यांचा भरवसा नव्हता. बरेच दिवस बायको बाहेर आली की नकाराची मान हलवायची. मग एका मंगळवारी आली आणि समोर उभी राहिली.

"किती?"

"एक."

आणि तिने करून दाखवलं. हात थरथरत खांद्यापर्यंत आला, मग कानापर्यंत. अंबाडा अजून चार बोटं लांब होता. मी माझे हात मांडीखालून काढले नाहीत.