खिडकीतून टाकलेला टॉवेल

समाजशास्त्र सोपं, असं समजून मी तो विषय घेतला. जन्मल्यापासून माणसांतच राहतोय, त्यात शिकायचं काय? त्याच विषयात नापास झालो. दुसऱ्या खेपेला सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजातल्या सरांनी प्रकल्प दिला: कुठंही न लिहिलेला एखादा नियम मोडायचा आणि माणसं काय करतात ते बघायचं. शनिवारपर्यंत दिला नाही तर वर्ष पुन्हा गेलं.

आधी पलूसला आत्याकडं जाऊन चहाला ठाम नाही म्हणालो. चहा आलाच, आणि मी प्यालोही. तेव्हा ठरवलं, आता माघार नाही.

तासगाव स्टँडवर सांगलीची एसटी लागली. आमच्याकडं गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टॉवेल, पिशवी, जे असेल ते सीटवर टाकतात. ज्याचं कापड, त्याची जागा. मी आत घुसलो, एक टॉवेल उचलला आणि ऐसपैस बसलो.

एक मिशीवाले गृहस्थ आले. "पावनं, टावेल माझा हाय."

"हा घ्या."

"आन् जागा?"

"जागेवर नाव कुठंय?"

आता भांडण होणार म्हणून मी निरीक्षणाला सज्ज. पण गृहस्थ भांडलेच नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडं बघत उभे राहिले. बोलले ते बाकीचेच. स्वतः दांडीला लोंबकळणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "शिकल्यालं दिसतंय."

मागनं कुणीतरी, "व्हय, लय शिकल्यालं."

कंडक्टरनं विचारलं, "भायेरगावचं हाय का काय हे?"

मी अस्सल तासगावचा. सांगायची हिंमत झाली नाही.

सांगलीपर्यंत उठायचं नाही, असा पण होता. वाटेतलं कवठेएकंद यायच्या आतच उठलो. गृहस्थ बसले, जरा सरकले आणि म्हणाले, "या, मावतोय दोघं." ते जास्तच झोंबलं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "उठवलं कुणी तुला?"

"कुणीच नाही. लाज वाटली."

"आणि त्या मावशींना का राग आला? जागा तर त्यांचीही नव्हती."

मी वहीतली टिपणं चाळायला लागलो.

"ते कळल्याशिवाय प्रकल्प घेणार नाही," सर म्हणाले. "एकदा बसून भागत नसतं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तासगाव स्टँडवर उभा होतो. आज काही झालं तरी कवठेएकंदच्या पुढं जायचंच.