वायरलेसमामांची लढाई

आमच्या गुंद गावचे वायरलेसमामा गप्पांना बसले की आधी आपला मोबाईल तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावायचे. "अक्का, शत्रू ऐकतोय," म्हणायचे. मी म्हणायची, "ऐकू दे की! आमच्या गप्पा त्या काय, सुनेच्या नि रानडुकरांच्या." सारी फौजी नोकरी वायरलेसवर गेलेली, मग माणूस असाच होणार, नाही का!

पण समजावून सांगावं तर त्यांनीच. पुढची लढाई कंप्युटरमधून सुरू होईल म्हणायचे. मला काही पटेना. मग त्यांनी गोष्ट आमच्या भाताच्या राखणीवर आणली. आम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून बांधापर्यंत दोरी ताणून तिला पत्र्याचे डबे बांधतो; ओढली की खणखणाट, डुकरं पळतात.

"समज, तुझं नि शेजाऱ्याचं वाकडं हाय. तू नुसतं बघावं म्हणून गुपचूप त्याच्या दोरीला हात लावलास. त्याला काय वाटंल? ही आता दोरी कापून माझ्या शेतात डुकरं सोडणार! त्यो आधीच बंदूक काढणार. तुझ्या मनात तसं न्हवतं, हे त्याला कोण सांगणार? देशांचंबी तसंच, एकानं दुसऱ्याच्या कंप्युटरात चोरून शिरायचं; आणि हितं तर दोघांच्याबी घरात अणुबॉम्ब हाय."

मागं शेजारच्या देशाशी तणातणी चालली होती, मामांचा मुलगा सीमेवर होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी गावातले सगळे फोन बंद पडले. झालं! मामांनी जुनी फौजी टोपी चढवली. "हल्ला झाला! चुली विझवा, रानात चला!" त्यांची सून सुमन रडायला लागली. मीसुद्धा अर्धाकच्चा भात उतरवून गाठोडं बांधलं. वेशीपाशी पोचतो तोच रामनगरहून रोजची जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "कुणाच्या लग्नाला निघालाय? रस्ता खोदताना फोनची केबल तुटलीया."

हसून हसून आमची पोटं दुखली. मी म्हटलं, "मामा, शत्रू फावडं घेऊन आला व्हय?"

मामा हसले नाहीत. टोपी काढून तिथंच दगडावर बसले. "अक्का, सगळ्यांस्नी शिकवणारा मी, आणि माझंच डोकं फिरलं. माझ्या हातात नुसती टोपी हुती म्हणून बरं. ज्याच्या हाताखाली बॉम्बचं बटण हाय, त्याला जीप येईस्तवर कोण थांबवणार? आणि माझं पोर तिथं हुभं हाय."

संध्याकाळी मुलाचा फोन लागला. मामांनी त्याचा आवाज ऐकला. फोन सुमनच्या हातात देऊन ते परसात निघून गेले.

यंदा मामा गेले. मुलगा अजून सीमेवरच आहे. कुणी कुणाच्या कंप्युटरात शिरलं अशी बातमी लागली की सुमन माझ्याकडे बघते. मी देवापुढं एवढंच मागते: बाबा, दोन्हीकडच्यांना जरा थांबायची बुद्धी दे.