माझ्या देवाला ताप चढला तेव्हा

ज्यांच्या पायांचं तीर्थ मी रोज सकाळी घेत असे, त्यांचाच पाय एके दिवशी माझ्या हाताला तापल्या तव्यासारखा लागला. ताम्हणात पाणी ओतता ओतता मी थांबले. उजव्या पावलाच्या बोटांपाशी कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि तिच्याखाली काळंनिळं काहीतरी साकळलं होतं. खळ्यावरून येताना बाभळीचा काटा मोडला, एवढंच मला ठाऊक होतं. मी वर पाहिलं. मालक भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

"आटप," ते म्हणाले. "अन् हे कोणाले सांगत बसू नको."

मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका नवऱ्याला असंच म्हणत. आमचं गाव साखरखेर्ड्याच्या वाटेवर, पैनगंगेच्या अलीकडे, मेहकर पलीकडे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, पण आमच्या घराचा कारभार मालकांच्या एका शब्दावर चाले. ते वाईट नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. मात्र त्यांचा शब्द एकदा निघाला की तो दगडावर कोरल्यासारखा असे. सालदार, कूळ, गावातले म्हातारे, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत. मीही पाहत असे. लग्न होऊन या घरी यायला निघाले तेव्हा माझ्या आईनं कानात सांगितलं होतं, बाईला वेगळा देव नसतो, नवऱ्याच्या पायाशीच तिचं पंढरपूर. मी ते मनापासून मानलं. आणि आज खरं सांगते, त्यात मला दुःख नव्हतं. पहाटेच्या उजेडात त्यांचे पाय धुताना, ते पाणी ओंजळीत घेताना, माझ्या अंगावरून सगळं ओझं उतरून गेल्यासारखं वाटे. काय करावं, कुठं जावं, काय बोलावं, हे मला ठरवायचंच नव्हतं. पाण्यावर पान तरंगत जावं तशी मी त्या घरात तरंगत होते.

त्या आठवड्यात ते पान अडकलं. सूज पावलावरून घोट्याकडे सरकली. मी अळशीचं पोटीस बांधलं, कडुनिंबाच्या पाल्यानं शेकलं, पण काही उतार पडेना. ताप असा चढला की मालक बाजेवर पडून अर्धवट झोपेत बोलू लागले. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला मोताळ्याला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघं, आणि बाहेर गोठ्यात सालाच्या बोलीवरचा गडी, आमचा सालदार. मी एकदा भीतभीत म्हटलं, "मेहकरच्या दवाखान्यात जाऊ या का?" त्यांनी डोळे उघडले.

"ते पाय कापतीन. मी जात नाही. अन् तूही मले न पुसता उंबरा ओलांडू नको. तुले माझी आण हाय."

झालं. त्यांची आण म्हणजे माझ्यासाठी देवाचीच आण. मी देवघरात जाऊन बसले. आमच्या देव्हाऱ्यात बालाजीचा छोटा टाक होता. त्याची पूजा मी रोज करत असे, पण घाईनं, कारण खरी पूजा तर आधीच झालेली असे. आता मी त्याच्यापुढं डोळे मिटले, तर बालाजी दिसेचना. डोळे मिटले की मालकांचा चेहरा समोर येई, घामानं डबडबलेला, ओठ सुकलेले. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं तोच बाजेवर पडून कण्हत होता. मी फार घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी हाक मारली तर ती ऐकायला पलीकडे कुणी नाही.

दुपार झाली. चैत्र सरत आला होता. बाहेर उन्हाचा असा लखलखाट की अंगणातला कडुनिंब पाण्याखाली असल्यासारखा हलताना दिसे. त्याचा मोहर गळत होता आणि त्याच्या कडूगोड वासानं सगळं घर गुंगलं होतं. मी दाराच्या चौकटीला टेकले, जागी होते की नव्हते कोण जाणे, आणि उंबऱ्यापलीकडून आवाज आला.

"दंडवत, माय. भिक्षा वाढजो."

महानुभाव पंथातली एक संन्यासिनी उभी होती. काळसर वस्त्र, डोक्यावरून पदर, खांद्याला झोळी. आमच्या भागात अशा बाया भिक्षेला येत, त्यात नवल नव्हतं. मी भाकरी आणून उंबऱ्याच्या आतूनच हात लांब केला. तिनं भाकरी घेतली, पण गेली नाही. आतून कण्हण्याचा आवाज येत होता.

"कोण हाय आजारी?"

मी सांगितलं. पाय कुठवर सुजला तेही सांगितलं.

"मग दवाखान्यात काऊन नेत नाही?"

"त्यायचा हुकूम नाही."

"अन् देवाचा?"

"तेच माझे देव," मी म्हणाले. हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत आले होते. त्या दिवशी ते तोंडातून निघाल्यावर मला स्वतःलाच कसंतरी वाटलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. आतला आवाज ऐकत थोडी उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "देव कण्हत नाही, माय. माणूस कण्हते. माणसाले उचला लागते." आणि ती कडुनिंबाच्या सावलीत जाऊन भाकरी खात बसली.

मी आत गेले. पायात बळ कुठून आलं, मला सांगता येणार नाही. मालकांच्या बाजेपाशी रोज मी खाली बसत असे, त्या दिवशी उभीच राहिले. म्हटलं, "मेहकरले नेऊन राह्यली तुमाले."

"नाही म्हटलं न मी."

"पुसायले नाही आली. सांगायले आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. तिच्यात राग शोधत होते, तो नव्हता. एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं कुणी न मागता उतरवून घ्यावं आणि त्याला क्षणभर मान कशी धरावी ते कळू नये, तसं काहीतरी होतं.

सालदाराला मी गाडी जुंपायला सांगितलं. तो म्हातारा माणूस, त्या घरात जन्म गेलेला. म्हणाला, "बाई, मालकानं मना केलं. उद्या बरे झाले का मलेच हाकलतीन." त्याला मी दोष देत नाही. तोही माझ्याच पंगतीतला. त्यानं मालकांना उचलून गाडीत निजवायला हात लावला, खाली कडबा अंथरला, वर घोंगडी ताणून सावली केली, पण कासरा हातात घेईना. तेव्हा मी धुरेवर बसले. माहेरी मी एकुलती एक. वडिलांच्या मांडीवर बसून मी लहानपणी बैल हाकले होते. आमच्या सासरच्या गावात मात्र बाईमाणसानं गाडी हाकलेली कुणी पाहिली नव्हती. दारादारात माणसं उभी राहिली. मी पदर पुढं ओढला आणि कासरा सैल सोडला.

गावाबाहेर आल्यावर पाहते तर ती संन्यासिनी गाडीपुढं चालत होती. मी तिला बोलावलं नव्हतं. तिनंही मागं वळून पाहिलं नाही. ती वाट मला आजही स्वप्नात दिसते. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी रानं, लांबवर मृगजळाचं पाणी, आणि त्या पाण्यात जणू घोट्यापर्यंत बुडून चालणारी ती काळसर आकृती. चाकांचा एकसुरी आवाज, घोंगडीखालून मधूनच येणारं कण्हणं. मला ऊन लागत नव्हतं. तहान लागत नव्हती. तिच्या पावलांनी धूळ उडत होती की नाही, हे मला विचाराल तर मी तिकडे पाहिलंच नाही. मी फक्त तिच्या पाठीकडे पाहत बैल हाकत होते. ओठांत नामस्मरण चालू झालं होतं. कधी सुरू झालं ते कळलं नाही, आणि कुणाचं नाव होतं तेही नीट आठवत नाही. एवढं खरं, की मालकांचं नव्हतं.

पैनगंगेला धारेपुरतं पाणी होतं, बाकी सगळी वाळू. मधोमध गाडीचं चाक रुतलं. बैलांनी दोनदा जोर केला आणि गुडघे टेकले. मी खाली उतरून चाकाला खांदा लावला, पण ते हलेना. सूर्य कलला होता. मी तिथंच वाळूत बसले आणि मनात म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही, आता तुझं तू पाहा. हे मी कुणाला म्हटलं? मालक तर माझ्या मागं शुद्ध हरपून पडले होते. मी ज्याला म्हटलं त्याचा चेहरा मला दिसला नाही, पण या वेळी ऐकायला कुणी आहे, याबद्दल शंका आली नाही.

पुढं चालणारी ती संन्यासिनी मागं आली आणि तिनं बैलांच्या मानेवर हात ठेवला. त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. बैल उठले, आणि चाक लोण्यातून निघावं तसं वाळूतून सुटलं. मी धावत जाऊन कासरा धरला. काठ चढून वर आले, दंडवत घालावा म्हणून वळले, तर वाळूत कुणी नव्हतं. काठाला झाडी होती, वाटा होत्या. ती कुठल्याही वाटेनं गेली असेल. पुढं मी पंथाच्या मठात चौकशी केली. तिथल्या वृद्ध बाई म्हणाल्या, त्या दिवसांत इकडे कुणी आलं नव्हतं. पण आलंही असेल, आमच्या बाया फिरत्या, आम्हाला तरी कुठं सगळं कळतं. मी त्याहून जास्त विचारलं नाही.

दिवेलागणीला आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर पाय गुडघ्यापासून गेला असता. आता गळू फाडून बघू, बोट बहुधा जाईल. मालक शुद्धीवर आले होते. चाकूसुऱ्या मांडल्याचा आवाज ऐकून त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं, की वळ उमटले.

"मले भेव वाटून राह्यलं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "लयी भेव वाटते मले. आजवर कोणाले सांगता आलं नाही."

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "माझ्याकडं पाहा," म्हटलं. "तिकडं पाहू नका." आणि त्यांनी लेकरानं ऐकावं तसं ऐकलं. एक बोट गेलं. पाय राहिला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर ते म्हणाले, "वाटेत तू गाडीपुढं चालत होती. एवढ्या उन्हात काऊन चालत होती?"

मी सांगितलं, की मी तर कासरा धरून गाडीवर होते, पुढं दुसरीच बाई होती.

त्यांनी मान हलवली. "मले तूच दिसली," म्हणाले.

घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी मी सवयीनं तांब्या-ताम्हण घेऊन बसले. त्यांनी पाय मागं घेतले.

"हे आता राहू दे."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रडू कोसळलं. इतक्या वर्षांची ती सकाळ, तो हलकेपणा, सगळं एका शब्दात संपलं. मी म्हटलं, "मग मी कोणापुढं वाकू?"

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "मी कोणापुढं वाकू, हे तरी मले कोणी सांगितलं? सारे माझ्यापुढंच वाकत आले."

त्या दिवशी ते काठी टेकत देवघरापर्यंत आले. खाली बसणं त्यांना जमेना. मी हात दिला. दोघं बालाजीपुढं बसलो, शेजारी शेजारी, अवघडल्यासारखे. काय म्हणायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. पण त्या अवघडलेपणात मला जे मिळालं ते आधीच्या सगळ्या सकाळींत मिळालं नव्हतं. कुणाच्या खाली राहणं आणि शरण जाणं या दोन गोष्टी मी आयुष्यभर एक समजत होते. खाली राहिलेल्या माणसाला वरच्याची भीती असते, आणि वर बसवलेल्या माणसाला आपली भीती लपवावी लागते. शरण गेलेल्याला दोन्ही नसतात. वाळूत बसून मी हात टेकले, तेव्हा मी कुणाची दासी म्हणून टेकले नव्हते.

सगळं बदललं असं मात्र नाही. सासूबाई आल्यावर गाडी हाकल्याबद्दल त्यांनी मला पुष्कळ ऐकवलं. मालकांचा आवाजही चढा तो चढाच राहिला; सालदारावर खेकसणं काही थांबलं नाही, फक्त त्याला हाकललं नाही. पण त्या वर्षी पेरणीच्या आधी, मी दळण घेऊन बसले होते, ते ओसरीवर येऊन उभे राहिले.

"नदीकडच्या वावरात यंदा कपाशी घ्यावी का जवारी? तुले काय वाटते?"

जातं थांबलं. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी उत्तर शोधू लागले तर आत काहीच सापडेना. मला काय वाटतं, हे मलाच माहीत नव्हतं.

"मले नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मग इचार करून सांग. मी थांबतो."

आणि ते खरंच उंबऱ्यावर बसून थांबले. मी पिठानं भरलेले हात मांडीवर ठेवून विचार करत राहिले, आणि ज्यानं आम्हा दोघांना इथवर आणलं त्याला मनोमन दंडवत घातला.