साहेबरावांचं नाक

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात भिंतीवरचं वाफ मोजायचं यंत्र बंद पडून दोन वर्षं झाली होती, तरी कुणाचं काही अडलं नव्हतं. साहेबरावांचं नाक होतं ना. ॲसिडच्या टाक्यांत लोखंडाचे भाग बुडवून गंज काढायचं तिथलं काम. सकाळी शेड उघडली की आधी साहेबराव एकटे आत जायचे, टाक्यांभोवती हुंगत फिरायचे आणि हात वर करायचे. मग बाकीचे आठ जण आत. वास दाट असला तर पंखे लावून थांबायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढा एकच मान मिळाला होता, आणि तो ते जपून होते.

हल्ली हात रोजच वर जायचा. नवे पंखे झकास, असं साहेबराव सांगायचे. घसा खरवडायचा, पण त्यावर उतारा म्हणून गूळ होता. आठ जणांतल्या तरुण नागसेनचे डोळे लाल व्हायचे, तेव्हा आजकालची पोरं नाजूक म्हणून त्यांनी त्याची थट्टाही केली.

रविवारी कुरुळीच्या खोलीत त्यांची बायको कस्तुरा गॅसवर दूध ठेवून शेजारी गेली. साहेबराव हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते. करपल्याचा वास गल्लीपर्यंत पोचला म्हणून तीच धावत आली. पातेलं काळंठिक्कर. तिने त्यांच्या नाकाखाली आधी कांदा धरला, मग हिंगाची डबी. काही नाही. सर्दी असेल, ते म्हणाले, पण सर्दी नव्हती. मग हे कधीपासून? दिवाळीपासून, की त्याच्याही आधीपासून? आठवून आठवून डोकं भणाणलं, पण धागा सापडेना.

सोमवारी ते टाक्यांभोवती फिरले. छाती आवळत होती आणि नाक गप्प होतं. खरं मानायचं कुणाचं? कळत नाही म्हणावं तर नाक गेलेल्या माणसाला इथं ठेवणार कोण? दारात नागसेन उभा होता.

"काका, येऊ का?"

सवयीने हात अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला.

"मला वासच कळत न्हाई रे," साहेबराव म्हणाले. "लई दिवस झाले असतील."

नागसेनने लाल डोळे चोळले.

"मग रोज हात कशाच्या जोरावर वर करत होता?"

साहेबरावांनी हात खाली घेतला, पंखे लावले आणि ते त्याच्याशेजारी दारात येऊन थांबले.