एकशेवीस नंबरचं रक्त

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते वाकळेचं. सकाळी सरकारी दवाखान्यात तिचं रक्त देऊन आलो होतो. तिच्या कोपराच्या खाचेत कापसाचा बोळा अजून तसाच चिकटलेला. मी म्हटलं, जरा पड. ती म्हणाली, पडून पडून पाठ धरली, ती वाकळ काढा. तिची जुनी लुगडी, माझी दोन विटकी धोतरं, लेकीचा लहानपणीचा परकर, असं एकावर एक घालून धरलेली वाकळ दिवाळीपासून अर्धी राहिली होती. दारात ऊन होतं तिथं अंथरली. मी एक टोक ताणून धरायचं आणि तिनं दुसऱ्या टोकाकडून टाके घालत यायचं. सुईत दोरा मात्र मीच ओवायचा. तिला दिसत नव्हतं, आणि माझा जन्म कापडगिरणीत साच्यावर तुटलेले धागे जोडण्यात गेलेला. मला डोळे मिटूनसुद्धा ओवता येतो.

माझा हात ढिला पडला की ती बोलायची. "ताणा की नीट. गिरणीत असंच धरत हुता व्हय? म्हणून तुमच्या धोतरांचे काठ वाकडे."

"माझं धोतर लोकं लग्नात आहेर करत्यात."

"करत असतील. नेसत न्हाईत."

तिच्या तोंडाला धार पहिल्यापासूनच होती. मंगळवेढ्याकडची बाई, तिकडच्या काळ्या रानासारखी. वर भेगा दिसतात, ओल खाली असते. एक पट्टी पुरी झाली तेव्हा तिला दम लागला. सुई वाकळेत खोचून ठेवली आणि म्हणाली, राहू द्या, उरलेलं उद्या.

आता हे मागचं सांगतो, त्याबिगर पुढचं कळायचं नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली होती. मी गिरणीतून नुकताच निवृत्त झालो होतो. त्या थंडीत तिचं तोंड सकाळी सुजायला लागलं. दुपारपर्यंत उतरायचं, मग पाय सुजायचे. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. जेवण जाईना. भाकरीला लोखंडाची चव येते म्हणायची. मी तवा बदलून बघितला, तरी तेच. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण माणूस बरा. त्यानं तिच्या पायाला बोट लावून बघितलं, दाब मोजला, मीठ तोडायला सांगितलं आणि रक्त तपासायला पाठवलं.

रक्त काढायची खोली मागच्या बाजूला होती. तिथले तपासणारे गृहस्थ मुसलमान, पन्नाशीचे, डोळ्याला जाड चष्मा. त्यांनी तिच्या दंडाला रबर बांधलं, शीर चाचपली आणि सुई घातली. काचेच्या नळीत रक्त भरत गेलं तसा मी वाकून बघत होतो. लाल होतं. मी तिला म्हटलं, रंग बघ, पक्का लाल हाय, तुला काय सुदिक झालेलं न्हाई. गिरणीत रंगखात्यातला माल आमच्याकडं यायचा, तेव्हा उजेडात धरून रंग बघायची मला सवय. रंग बरा तर माल बरा. हीच अक्कल मी रक्ताला लावली.

कागद मिळाला. मी तिसरी शिकलेला. इंग्रजी अक्षर येत नाही, पण आकडे येतात. खिडकीतल्या माणसानं एका ओळीवर बोट ठेवून सांगितलं, हे युरिया. समोर ऐंशी लिहिलेलं. आम्हांला युरिया ठाऊक तो रानात टाकायचा. तो बाईच्या अंगात कसा, म्हणून ती हसली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि थोड्या दिवसांनी परत रक्त तपासा म्हणाला. परत तपासलं. दुसरा कागद मी शनिवारी घेतला तेव्हा डॉक्टर निघून गेला होता. सोमवारी दाखवायचा होता. मी बाहेर पायरीवर बसून आकडा वाचला. एकशेवीस.

आता माझी खुशी कशी झाली ते सांगतो. आमच्या सुताला नंबर असतो. विसाचं सूत जाडंभरडं, चाळिसाचं बरं, साठाचं धोतर अंगावर शोभतं, ऐंशीचं म्हणजे सावकारी माल. नंबर जितका चढा तितकं सूत बारीक आणि भारी. नंबर उतरला की माल उतरला. एवढी सालं हेच डोळ्यांत भरलेलं. एकशेवीस नंबरचं सूत तर मी हातात सुदिक धरलेलं नव्हतं, फक्त जुन्या माणसांकडून ऐकलेलं. ऐंशीवरून एकशेवीस. मी पायरीवर बसल्या बसल्या हसलो असेन. गोळ्या लागू पडल्या म्हटलं. येताना जिलबी घेतली.

घरी येऊन सांगितलं, अगं, नंबर चढला तुझा. ऐंशीवरनं एकशेवीस.

"चढला व्हय," ती म्हणाली. "बरं झालं."

जिलबीचं एक कडं तिनं हातात घेतलं, थोडं मोडून तोंडात टाकलं. शेजारीपाजारी मी सांगून आलो की आमचं मनुष्य सुधारतंय. ते दोन दिवस मी घरात शीळ घालत होतो, असं तीच नंतर म्हणाली.

सोमवारी डॉक्टरनं कागद बघितला. मग तिला बाहेर बसवायला सांगून मला म्हणाला, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, आकडा फार वाढलाय. मी म्हटलं, वाढलाय ते चांगलंच की. त्याला वाटलं असेल म्हातारा खुळा आहे. मुंबईला रक्त धुवायचं यंत्र आहे म्हणाला, पण ते एकदा धुऊन भागत नाही, आठवड्याला दोनदा, जन्मभर, आणि तिथंही नंबर लागत नाही. बाहेर रांग होती. मी उठलो.

तिला बाकड्यावर बसवून ठेवून मी मागच्या खोलीत गेलो. चष्मेवाल्यांना म्हटलं, सायेब, मला नीट सांगा. हे आकडे वाढलं की वाईट का उतरलं की वाईट? त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. असा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसावं.

त्यांनी एक नळी उजेडाला धरली. खाली रक्ताची गुठळी, वर पिवळं पाणी, करडईच्या कोवळ्या फुलासारखं. म्हणाले, रक्त थोडा वेळ ठेवलं की असं फुटतं. आम्ही तपासतो ते लाल नाही, हे वरचं पाणी. ह्याचे थेंब घेऊन त्यात औषध घालतो, मग रंग चढतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. म्हणजे रंगच बघायचा होता, पण मी बघितला तो नव्हे.

मग म्हणाले, बकऱ्याचा गुरदा बघितलाय ना? माणसालाही दोन असतात, तीच मूत्रपिंडं. जेवण जिरलं की जी घाण उरते ती रक्तात येते, तिचं नाव युरिया. गुरदा ती गाळून लघवीवाटे बाहेर टाकतो. गुरदा थकला की घाण आतच राहते. चाळिसाच्या आत असेल तर ठीक. ऐंशी झाली म्हणजे गुरदा दमला. एकशेवीस म्हणजे अजून दमला. त्याच्याखाली क्रिएटिनिन लिहिलंय, तीही अशीच उरलेली घाण, तीही चढली. म्हणून एकट्या युरियावर शंका घ्यायला जागा नाही.

मी विचारलं, मग सगळ्यांचंच चढलं की वाईट? नाही म्हणाले. हे बघा हिमोग्लोबिन, हे रक्तातलं लाल. हे उतरलं की वाईट, आणि तुमच्या घरच्यांचं उतरलंय, म्हणून दम लागतो. साखर चढली तरी वाईट, उतरली तरी वाईट. प्रत्येकाची आपापली पट्टी असते बाबा, पट्टीच्या आत असावं. आणि नुसत्या कागदावरून माणूस कळत नाही. कागद आणि माणूस दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असतं.

मी कागद घडी करून खिशात घातला. सगळं समजलं होतं. न समजलेलंच बरं होतं.

घरी येईपर्यंत मी तिला काही बोललो नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसलो आणि सांगून टाकलं. मला आडवळणानं बोलता येत नाही. म्हटलं, तो आकडा चढणं वाईट असतंय. मी उलटं समजलो.

ती पदरानं तोंड पुसत होती. म्हणाली, "मला ठाव हुतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगंल? अंग माझं हाय की. चार पावलं टाकली की बसावं लागतंय, आणि तुमी म्हंता नंबर चढला." मग म्हणाली, "पर तुमी लई दिसांनी शीळ घालत हुता. म्हटलं घालू द्या."

मी उठून बाहेर गेलो. दारात उभा राहिलो. आत तिनं भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर आम्ही त्या आकड्याचं नाव काढलं नाही. मीठ तोडलं, डाळ तोडली. डॉक्टर म्हणाला म्हणून पाणीसुद्धा मोजून द्यायला लागलो. तहानलेल्या बाईला वाटी पुढं करून एवढंच पी म्हणायचं, ह्यासारखं काम नाही. ती वाटीत बघायची आणि म्हणायची, सोलापुरात नळाला येतं त्यापेक्षा जास्तच देताय की. लघवी कमी होत गेली. कातडीला खाज सुटली, रात्रंदिवस खाजवायची. सून नाही, मुलगा नाही, एक लेक ती मोडनिंबला दिलेली, तिची दोन लहान पोरं. मीच वेणी घालायला शिकलो. तीन सुतं एकमेकांत घालायची, त्यात शिकण्यासारखं काही नाही, पण ती म्हणायची, वेणी न्हाई ही, दोरखंड हाय.

मग डॉक्टरनं तिसऱ्यांदा रक्त सांगितलं. त्या सकाळी तिची शीर सापडेना. चष्मेवाल्यांनी दोन्ही हात बघितले, गरम पाण्याचं फडकं लावलं, तिची माफी मागितली. शेवटी सापडली. नळी भरताना ती म्हणाली, घ्या घ्या, आत ठेवून तरी काय करायचंय. ते म्हणाले, उद्या कागद न्या.

तिथून आलो आणि वाकळ काढली, ते वर सांगितलंच. उरलेलं उद्या म्हणून ती आत जाऊन आडवी झाली. मी सुई आणि दोरा जागच्या जागी ठेवून वाकळ गुंडाळली. दुपारी तिला वाटीभर पाणी द्यायला गेलो तर कुशीवर झोपलेली होती. हाक मारली. हात लावला. मग वाटी खाली ठेवली.

निरोप गेला. लेक यष्टीनं येईपर्यंत थांबलो. दिवस मावळायच्या आत नेलं. अग्नी मीच दिला. नेण्याआधी तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी कोपरातला बोळा काढून टाकला होता. तिथं सुईच्या जागी लहानसा काळा डाग होता, बाकी हात तसाच. चिता पेटली आणि माझ्या मनात एकच आलं, की ही सगळी इथं नाही. थोडी दवाखान्यात राहिली.

आमच्यात माणूस सगळाच्या सगळा जावा लागतो. गिरणीत एकाचं बोट साच्यात तुटलं होतं, तर त्याच्या भावानं ते फडक्यात बांधून नेऊन पुरलं. मागं काही ठेवायचं नाही. आणि इथं तर नळीभर रक्त होतं.

सकाळी लेकीला सांगितलं, येतो जाऊन. ती म्हणाली, आप्पा, सुतक हाय, कुटं जाताय? मी म्हटलं, राहिलेलं आणायला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. चष्मेवाल्यांनी बघितलं, आत या म्हणाले. मी म्हटलं, सुतक हाय मला, हितनंच बोलतो. ते लगेच उठून बाहेर आले. त्यांना समजलं. मी विचारलं, आकडा चढला हुता का?

"चढला होता बाबा."

मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, "सायेब, ते रक्त टाकलं का हाय अजून?"

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. म्हणाले, आहे, अजून टाकलं नाही. आत गेले, एक नळी घेऊन आले. वरचं पिवळं पाणी त्यांनी तपासायला काढून घेतलेलं होतं, थोडंच उरलं होतं. खाली गुठळी, काळसर. नळीच्या तोंडाला कापूस लावला आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, आमच्यातही कापलेलं नख माणूस मातीत पुरतो. मग जरा अवघडून म्हणाले, "नळी तेवढी परत आणा बाबा. नळ्या कमी आहेत."

मसणवट्यात गेलो. राख वरून पांढरी, आत अजून धग होती. जिथं तिचा हात होता त्या अंगाला बसलो. कापूस काढला, नळी तिरकी केली. पाणी आलं, गुठळी येईना. बोटानं काचेवर टिचक्या मारल्या, तेव्हा सुटली. राखेत पडली, चर्र झालं, आणि मग काही दिसलं नाही.

मसणवट्याच्या नळाला धार बारीक होती. नळी तीनदा विसळली, उजेडात धरून बघितली, स्वच्छ होती. मग तशीच दवाखान्यात नेली. चष्मेवाले दुसऱ्या कुणाच्या तरी दंडाला रबर बांधत होते. मी आत गेलो नाही. नळी खिडकीत उभी करून ठेवली आणि घरी आलो.