रिकाम्या खुर्चीचा दर

शालू गेल्याचं मला कळलं ते शालूच्याच नंबरवरून. भर दुपारी चंद्रपुरात ऑटोची वाट पाहत उभी होते. फोन वाजला, पडद्यावर तिचं नाव आलं आणि मी नेहमीसारखं म्हटलं, "बोल गं." पलीकडून तिच्या वहिनीचा आवाज आला. "बाई, शालूताई गेल्या. गडचिरोलीच्या दवाखान्यात. आज सकाळीच." ऑटो आली, गेली, दुसरी आली. मी तिथेच उभी होते. गेलेल्या माणसाचं नाव आपल्या हातात असं उजळून उठावं, याची मनाला सवय नसते.

शालू कोवे धानोऱ्याच्या पलीकडची, जंगलातल्या एका लहानशा गावची. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी तिनं जणू हट्टानं मिळवलेली. चंद्रपूरच्या कॉलेजात एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. सिकलसेलचा आजार तिला लहानपणापासून होता. हातापायांत कळा सुरू झाल्या की भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आला पाहुणा. दोन दिवस राहील, जाईल." त्या पाहुण्यासकट ती माझ्याबरोबर व्हिएतनामला आली, इंग्रजी शिकवायला. समुद्रकाठचं एक शहर, दोघींत एक खोली, खाली नूडल्सचं दुकान.

तिथल्या क्लासचा पगार खोलीभाड्यातच संपायचा, म्हणून सगळे शिक्षक खासगी शिकवण्या घेत. दराचा प्रश्न तिथे आला. गोऱ्या शिक्षकांना लोक तासाला दुप्पट द्यायचे, मग त्यांना शिकवता येवो न येवो. आम्हाला क्लासच्या मॅनेजरनं आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही भारतीय, जरा कमी मागा. शालूनं आठवडाभर विचारपूस केली, मग एका पुठ्ठ्यावर आपला दर लिहिला: तासाला तीन लाख डोंग, म्हणजे आपले हजारेक रुपये. डॉक्टरच्या मुलाला तोच, मासळीवाल्याच्या मुलीलाही तोच. "आपण कमी घेतलं तं ते म्हणतील, यायची इंग्रजीच कमी हाये," ती म्हणायची. मी मात्र तेवढी धीराची नव्हते. तिच्या नकळत मी दोन लाखांवर आले आणि तिचे दोन विद्यार्थी माझ्याकडे वळले. तिला कळलं. एकदा जेवताना तिनं एवढंच विचारलं, "पोट्टे खूश हायेत ना तुयाकडे?" मी ताटातून मान वर केली नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

त्याच सुमारास तिला होआ नावाच्या एका बाईंचा फोन आला. त्यांची सोळा वर्षांची मुलगी, लिन नाव, अगदी सुरुवातीपासून शिकवायचं, आठवड्यातून दोनदा, दर काय? शालूनं दर सांगितला, बाई लगेच हो म्हणाल्या. पहिल्या दिवशी शालू गेली आणि दोनेक तासांनी परत आली, ती पलंगावर बसूनच राहिली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीपुढे नवी वही, टोक केलेली पेन्सिल, चहाचा कप. शालूनं विचारलं, लिन कुठे आहे? होआबाईंनी त्या खुर्चीकडे हात केला. भिंतीवर मुलीचा फोटो होता आणि फोटोपुढे उदबत्ती. स्कूटरच्या अपघाताला तेव्हा वर्ष झालं होतं.

"मग तू काय केलंस?"

"शिकवलं," शालू म्हणाली. "माय नेम इज लिन. तासभर शिकवलं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी दरावरच बोलत होतो. आता हे आठवताना विचित्र वाटतं. मी म्हणाले, पैसे घेऊच नकोस, आणि पुन्हा जाऊही नकोस. शालूनं नकारार्थी मान हलवली. "फुकट गेली तं तिले वाटंल, मी तिच्यावर दया करून राह्यली. अर्धे घेतले तं वाटंल, ही खोटं शिकवून राह्यली." मग म्हणाली, "आमच्या घरी जेवाच्या आधी गेलेल्यायसाठी घास काढतेत. त्यायच्या वाटचा घास कोणी अर्धा काढते का?" तिनं पूर्ण दर घेतला, आणि त्या दराचं पूर्ण शिकवणंही दिलं. पाठ तयार करून जायची, स्पेलिंगं घालायची, गृहपाठ द्यायची. मला वाटत होतं, आईच्या समाधानासाठी चाललंय हे. मग एक दिवस भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "भूतकाळात अडते पोरगी. 'गो'चं 'वेंट' सोडून 'गोएड' करते."

"कोण?"

"लिन."

मी हसले. ती हसली नाही. तिनं वही दाखवली. पानावर शालूच्या लाल पेनच्या दुरुस्त्या होत्या... आणि त्यांच्याखाली पेन्सिलीची फिकट, वाकडी अक्षरं. होआबाई लिहीत असतील, असं मी म्हणाले. "असंल," शालू म्हणाली. "पण बाई डावखुऱ्या नाईत. हे डाव्या हाताचं हाये." ती वही मी पुन्हा हातात घेतली नाही. ज्या दिवशी शालूला कळा असायच्या त्या दिवशी, तू जाशील का, असं ती विचारायची. मी दर वेळी काही ना काही कारण काढलं.

पुढे तिचा पाहुणा वरचेवर येऊ लागला. एकदा आठ दिवस मुक्काम झाल्यावर मी तिला घेऊन भारतात परतले. मी चंद्रपुरात शिकवायला लागले, ती गावी गेली. बाकीच्या शिकवण्या सुटल्या, लिनची सुटली नाही. तिच्या घराच्या पडवीत, उजव्या खांबापाशीच तेवढी रेंज यायची. तिथे स्टूल ठेवून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती व्हिडिओ कॉलवर शिकवायची. दर तोच. मी दोनदा गेले तेव्हा शिकवणी संपेपर्यंत अंगणातच थांबले. तिची आई मात्र दर वेळी तिच्यामागे भिंतीला टेकून काहीतरी निवडत, सोलत बसलेली असायची. आईला मराठी बेताची, इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही.

शालू गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्या घरी गेले. शुक्रवार होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. पडवीत मोहफुलांचा गोड, जड वास भरला होता. आईनं माझ्या हाताला धरून खांबाजवळच्या स्टुलावर बसवलं. ती मागे भिंतीला टेकून मोहफुलं निवडायला बसली. साडेनऊला शालूचा फोन वाजला. वहिनीनं तो माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, होआबाईच असणार. मी सोप्या इंग्रजीत सांगितलं, टीचर वारल्या. त्यांनी हळू मान हलवली. म्हणाल्या, माहीत आहे. कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी फोन वळवून टेबलावर टेकवला. समोर खुर्ची होती, रिकामी, वही उघडलेली. बाजूनं बाईंचा आवाज आला, "तुमचा दर काय?"

माझ्या तोंडात दोन लाख आले होते. मी शालूचा दर सांगितला. बाई "ठीक आहे" म्हणाल्या आणि निघून गेल्या. आता मी होते, आणि ती खुर्ची. बाहेर कडक ऊन होतं, अंगणात कोंबड्या फिरत होत्या. एक तास, मी स्वतःला सांगितलं, कसाबसा एक तास. मी विचारलं, काल काय केलंस? उत्तराला जागा न ठेवता लगेच पुढचं विचारलं, कुठे गेली होतीस? आणि मग त्याच्याही पुढचं.

"बाई," मागून शालूची आई म्हणाली, "इतकी घाई काऊन करतेस? थांब ना. तिचं होऊ दे."

मी वळून पाहिलं. आईची मान खालीच होती, बोटं मोहफुलं निवडत होती. "कोणाचं, आई?"

"त्या पोरीचं. बोलून राह्यली ना ते."

मी पडद्याकडे पाहिलं. खुर्ची तशीच होती. फोनमधून पंख्याची घरघर तेवढी येत होती... मी थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मागे फुलं निवडण्याचा आवाज मध्येच बंद झाला, आई जणू कान देऊन ऐकत होती. मग तो पुन्हा सुरू झाला.

"झालं तिचं," आई म्हणाली. "आता विचार पुढचं."

मी पुढचं विचारलं.