पिठाच्या डब्यातली किल्ली

कालप्रवासावरच्या एका विनोदी सिनेमाची पटकथा मी आणि माझे सहलेखक, आम्ही दोघं कर्वेनगरला त्यांच्या फ्लॅटवर लिहायचो. लिहिलेलं ते सगळ्या पात्रांच्या आवाजात मोठ्यानं वाचत, पण कधी हसत नसत. माझा विनोद पडला की चष्मा पुसत म्हणायचे, "छान आहे. आता हसायचं कुठे, तेवढं सांगा."

नियम त्यांनीच घातला होता. नायकानं भूतकाळात हवा तेवढा गोंधळ घालावा, पण घडलेलं काहीही बदलायचं नाही. या नियमापायी त्यांनी माझे चांगले चांगले प्रसंग कापले. त्याचा राग अजून आहे.

एका सकाळी त्यांनी स्वतः लिहिलेला प्रसंग वाचायला घेतला. नायक जुन्या घरी जातो आणि बाहेर निघालेल्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलची किल्ली पिठाच्या डब्यात लपवतो. सगळं घर किल्ली शोधत बसतं आणि भाऊ शेवटी वैतागून जेवायला बसतो. मी पोट धरून हसलो.

"अहो, पण भाऊ बाहेर पडलाच नाही," मी म्हणालो. "तुमचा नियम मोडला की!"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"सिनेमात तरी राहू द्या त्याला घरी."